ताप्ती लाईनवरची ग्रहमाला

शाळेच्या भिंतीवर ग्रहमालेचा जो तक्ता असतो, त्यात एका कडेला अर्धा सूर्य आणि त्याच्यापुढे आठ रंगीत गोळे ओळीने मांडलेले असतात. ग्रहांची नावे बरोबर असतात, रंग बरे असतात, शनीची कडी जागेवर असते. अंतरे मात्र साफ चुकलेली असतात, आणि चित्रकाराचा त्यात काही दोष नाही. पृथ्वी एक सेंटिमीटर व्यासाची काढली, तर त्याच प्रमाणात नेपच्यून दाखवायला साडेतीन किलोमीटर लांबीचा कागद लागेल. एवढा कागद कुठल्या वर्गात मावणार? म्हणून मुले ग्रहांचा क्रम पाठ करतात आणि ग्रहमालेतली सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे तिच्यातली पोकळी, त्यांना कधी भेटतच नाही. ग्रहाचे वर्ष केवढे, तिथे ऊन किती, आकाशात तो किती सावकाश सरकतो, यान पोचायला किती वर्षे लागतात, यांतले बहुतेक सगळे सूर्यापासूनच्या अंतरावर ठरते. अंतर समजले की बाकीची माहिती आपोआप जागेवर बसते.

अंतर कळायला ओळखीचा रस्ता हवा. सुरतच्या उधन्यात राहणाऱ्या मराठी माणसाला तो शोधावा लागत नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पॉवरलूम आणि डाईंगच्या कामासाठी आलेली माणसे उधना, पांडेसरा, लिंबायत, दिंडोली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. महापालिकेच्या मराठी शाळा इथे आहेत, घराघरांत अहिराणी आहे, आणि गावी जायचे तर उधना जंक्शनवरून सुटणारी ताप्ती लाईन आहे. चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असे करत ही लाईन जळगावला पोचते, तेव्हा साधारण ३०६ किलोमीटर झालेले असतात. लग्नकार्याला, दिवाळीला, पेरणीला आणि मयतीला ज्या रुळांवरून जाणे होते, त्याच रुळांवर आपण ग्रहमाला मांडू.

सूर्य उधना स्टेशनात ठेवू. सूर्य ते पृथ्वी हे खरे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. ते १० किलोमीटर धरू. म्हणजे सगळे काही दीड कोटी पटीने लहान झाले. या मापाने सूर्याचा व्यास ९३ मीटर भरतो, गाडीच्या चार डब्यांएवढा. पृथ्वी ८५ सेंटिमीटरची होते. आणि नेपच्यून, शेवटचा ग्रह, ३०१ किलोमीटरवर, जळगाव स्टेशनच्या थोडा अलीकडे येतो. अख्खी ग्रहमाला या एका लाईनवर बरोबर मावते. तापी ही पुराणकथेत सूर्याची मुलगी आणि शनीची बहीण. तिच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लाईनवर सूर्याचे कुटुंब मांडायला मिळावे, याचा मला मनापासून आनंद आहे.

या मापाची आणखी एक सोय आहे. प्रकाश सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो. त्याला दीड कोटीने भागा: सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ताप्ती लाईनवर एखादी एक्स्प्रेस न थांबता ताशी ७२ च्या वेगाने धावली, तर आपल्या मांडणीत ती प्रकाशाच्या वेगाने धावते आहे. उधन्याहून सुटून दहा किलोमीटरवरच्या पृथ्वीशी यायला तिला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे यायला तेवढाच वेळ घेतो. जळगावजवळ नेपच्यूनपर्यंत जायला तिला चार तास दहा मिनिटे लागतात. विश्वात प्रकाशाहून वेगाने काहीच जाऊ शकत नाही. खिडकीतून बाहेर पाहताना हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची अंतरे नुसते आकडे राहणार नाहीत.

गाडी सुटली. जेमतेम चार किलोमीटर झाले, शहराची वस्ती अजून पुरती मागे पडलेली नाही, तोच बुध येतो. व्यास ३३ सेंटिमीटर. सूर्याची फेरी तो ८८ दिवसांत पुरी करतो, पण स्वतःभोवती फिरायला त्याला ५९ दिवस लागतात. या दोन गतींचा मेळ असा बसतो की तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस जातात, म्हणजे बुधाचा एक दिवस त्याच्या दोन वर्षांएवढा. वातावरण जवळजवळ नाही, म्हणून ऊब धरून ठेवणारे काही नाही: दिवसा ४३० अंश सेल्सिअस, रात्री उणे १८०. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत ऊन कधीच शिरत नाही, तिथे सूर्याच्या इतक्या जवळ असूनही बर्फ आहे.

बुधाशी सुरतचे एक जुने नाते आहे आणि ते सुरतमध्येही फार थोड्यांना माहीत आहे. बुध आणि शुक्र हे दोघे पृथ्वीच्या आतल्या बाजूने फिरतात, त्यामुळे कधीकधी ते सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखे सरकताना दिसतात. याला अधिक्रमण म्हणतात. बुधाचे अधिक्रमण माणसाने पहिल्यांदा पाहिले ते ७ नोव्हेंबर १६३१ ला, पॅरिसमध्ये, पिएर गासेंदी याने. दुसऱ्यांदा ते पाहिले गेले ते आपल्या सुरतेत. पाहणारा होता जेरेमी शेकर्ली, विशीतला इंग्रज गणिती. १६५१ मधले अधिक्रमण आशियातून दिसेल, इंग्लंडातून नाही, हे त्याने गणिताने काढले होते. ईस्ट इंडिया कंपनीबरोबर तो सुरतेला आला आणि ३ नोव्हेंबर १६५१ रोजी त्याने सूर्यावरचा बुध पाहिला. इंग्लंडात तेव्हा जुने कॅलेंडर चालू होते, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने ती २४ ऑक्टोबर होती. भारतात दुर्बिणीतून झालेले, नोंद असलेले हे सर्वांत जुने आकाशनिरीक्षण मानले जाते. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली. म्हणजे त्याच्या बारा वर्षे आधी, याच बंदरात, एक तरुण सूर्यबिंबावर एक ठिपका शोधत उभा होता. शेकर्ली मायदेशी परतला नाही. काही वर्षांतच तो भारतातच वारला.

त्याने जे पाहिले ते पाहण्याची संधी आता पुन्हा येते आहे. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी बुधाचे अधिक्रमण आहे, आणि सुरतकरांचे भाग्य असे की ते पहिल्यापासून शेवटपर्यंत इथून दिसणार आहे. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास बुध सूर्यबिंबात शिरेल आणि साडेचारनंतर बाहेर पडेल, सूर्यास्ताच्या तासभर आधीच. ठिपका सूर्यबिंबाच्या साधारण दोनशेव्या भागाएवढा असेल, त्यामुळे ग्रहणाच्या चष्म्यातून तो दिसणार नाही. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून पाहावी लागेल. दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळा कायमचा जातो. आज पहिलीत असणारी मुले तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात असतील. उधन्यातल्या शिक्षकांनी ही तारीख आत्ताच लिहून ठेवावी, असे मला फार वाटते.

सात किलोमीटरवर, नियोलच्या आसपास, शुक्र. ८१ सेंटिमीटरचा, म्हणजे आकाराने पृथ्वीचे भावंड. रातपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्या कारागिराला जी शुक्राची चांदणी दिसते, ती हीच. धूर, धूळ आणि रस्त्यावरचे दिवे यांतून उधन्याच्या गच्चीवरून तारे फारसे दिसत नाहीत, पण शुक्र हटकून दिसतो, कारण सूर्य-चंद्र सोडले तर आकाशात एवढे तेजस्वी दुसरे काही नाही. काही महिने तो पहाटे पूर्वेला असतो, काही महिने संध्याकाळी पश्चिमेला, आणि आठ वर्षांनी त्याच तारखेच्या आसपास पुन्हा जवळजवळ त्याच जागी येतो.

त्याच्या तेजाचे कारण त्याच्यावरचे दाट पांढरे ढग. ते पाण्याचे नसून गंधकाम्लाचे आहेत. खाली हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, दाब पृथ्वीपेक्षा नव्वद पटींहून जास्त, तापमान ४६० अंशांच्या पुढे, रात्र असो की दिवस. बुधापेक्षा सूर्यापासून जवळजवळ दुप्पट लांब असूनही शुक्र बुधापेक्षा गरम आहे. अंतरावर बहुतेक सगळे ठरते असे मी वर म्हटले, त्याला हा मोठा अपवाद: इथे हवेने अंतराला हरवले. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरले आणि दोन तास सात मिनिटे टिकले. शुक्र उलटा फिरतो, तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. आणि एका गिरकीला त्याला २४३ दिवस लागतात, तर सूर्याच्या फेरीला २२५.

शुक्रावरच्या जागांना स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तिथल्या सुमारे ३४ किलोमीटर रुंदीच्या एका विवराचे नाव ‘जोशी’ आहे, आनंदीबाई जोशी यांच्यावरून. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आलेली आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेलेली ही मुलगी. आणखी एका विवराचे नाव ‘मेधावी’ आहे; ते पंडिता रमाबाईंच्या सासरच्या आडनावावरून. शुक्राची चांदणी मुलींना दाखवताना एवढे अवश्य सांगावे.

साखर कारखान्याच्या चलथाणला आपण पृथ्वीशी येतो. चंद्र तिच्यापासून अवघ्या २६ मीटरवर, एका डब्याच्या लांबीएवढ्या अंतरावर, २३ सेंटिमीटरचा. माणूस स्वतः आजवर या एका डब्यापलीकडे गेलेला नाही; २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरले तेही याच डब्याच्या टोकाशी. आपण श्वास घेतो ती हवा, ढग, विमाने, सगळे मिळून या ८५ सेंटिमीटरच्या गोळ्यावरचा सात मिलिमीटरांचा थर आहे. शुक्र पाहून इथे आल्यावर या सात मिलिमीटरांची किंमत कळते.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे उधन्यात राहून डोळ्यांनी तपासता येते. उधना २१.१६ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो: मेच्या २६-२७ तारखेला आणि पुन्हा १७ जुलैच्या आसपास. जुलैत ढग असतात, म्हणून मेमधला दिवस धरावा. त्या दिवशी घड्याळात बाराला नाही, तर १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. उशीर होण्याचे कारण, आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि उधना तिथून जवळजवळ दहा अंश पश्चिमेला आहे. एक अंशाला चार मिनिटे. जळगावात हा क्षण वेगळा. दिल्लीत किंवा लखनौत तर सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

पंधरा किलोमीटरवर मंगळ. ४५ सेंटिमीटरचा, तांबूस, कारण त्याच्या मातीत लोहाचा गंज आहे. त्याचा दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, वर्ष ६८७ दिवसांचे, हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ. सुमारे २६ महिन्यांनी एकदा पृथ्वी त्याला गाठते, तेव्हा तो ठळक दिसतो, आणि यानेही त्या सुमारासच सोडतात. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचले. आपल्या मांडणीत पृथ्वी आणि मंगळ यांच्यात पाच-साडेपाच किलोमीटर असतात, तरी यानाला दहा महिने लागले, कारण रुळांवरून सरळ जाता येते तसे अवकाशात जाता येत नाही. सूर्याभोवती वळत, फिरत्या ग्रहाला गाठावे लागते.

याच लाईनवर पुढे अमळनेरला मंगळग्रहाचे देऊळ आहे, देशात अशी देवळे फार थोडी. मंगळवारी तिथे दूरदूरचे लोक येतात, सुरतचेही. देवळात जावे, श्रद्धा ठेवावी. पण पत्रिकेत मंगळ आहे म्हणून मुलीचे लग्न अडवणे हा अन्याय आहे, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. वीस कोटी किलोमीटरवरच्या त्या थंड, कोरड्या गोळ्याला कुणाच्या घरात काय चालले आहे याचा पत्ता नाही.

मंगळानंतर अंतरे एकदम वाढतात. बारडोलीच्या आसपासचा दहाबारा किलोमीटरांचा पट्टा लघुग्रहांचा. त्यांतला सर्वांत मोठा सीरिस, १ जानेवारी १८०१ ला सापडलेला, इथे सहा सेंटिमीटरांचा भरतो. बाकीचे खडे आणि धूळ. सिनेमात दाखवतात तशी तिथे दगडांची गर्दी नाही. याने सहज पार होतात.

५२ किलोमीटरवर, मढी सोडून व्याऱ्याकडे जाताना, गुरू. साडेनऊ मीटर व्यासाचा. बाकीचे सातही ग्रह एकत्र केले तरी वजनाने गुरूच्या निम्मेही भरत नाहीत. उभे राहायला त्याला जमीन नाही. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचा आहे. एवढा मोठा असून दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून मध्यावर फुगलेला दिसतो. सूर्याची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणजे एका राशीत साधारण एक वर्ष. गुरू सिंह राशीत आला की नाशिकचा सिंहस्थ. २००३, २०१५ आणि आता २०२७, हा क्रम गुरूच्या फेरीतून आलेला आहे. बारा वर्षांना तो थोडा कमी पडतो. हा फरक साचत जाऊन सुमारे ८४ वर्षांत एक वर्ष भरते, आणि मग एखादा कुंभमेळा बाराऐवजी अकराव्या वर्षी येतो.

साध्या द्विनेत्रीतून गुरूजवळ चार बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले हे चंद्र: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. रोज संध्याकाळी त्यांच्या जागा कागदावर टिपल्या तर आठवड्याभरात ते गुरूभोवती फिरताना स्वतःला सापडतात. खगोलशास्त्रातला याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही. आतल्या तिघांच्या फेऱ्या १.७७, ३.५५ आणि ७.१५ दिवसांच्या आहेत, म्हणजे प्रत्येक पुढची फेरी आधीच्या जवळजवळ दुप्पट. हे प्रमाण योगायोगाचे नसून एकमेकांच्या ओढीने बांधलेले आहे, हे फ्रेंच गणिती लाप्लासने दाखवले. या तिघांना लक्षात ठेवा. एका मराठी शिक्षकाने त्यांच्यावरून मोठी झेप घेतली, ते पुढे येईल.

सोनगड मागे पडले की ९६ किलोमीटरवर, नवापूरच्या अलीकडे, शनी. आठ मीटरचा, आणि त्याची मुख्य कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत अठरा मीटर. कडी म्हणजे पाण्याच्या बर्फाचे असंख्य तुकडे, धुळीच्या कणापासून घराएवढे. खऱ्या जाडीत ती बहुतेक ठिकाणी सुमारे दहा मीटरच आहेत. आपल्या मांडणीत ती जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही राहत नाही. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला बरोबर धारेवरून दिसली, म्हणजे जवळजवळ दिसेनाशी झाली. आता ती वर्षागणिक उघडत चालली आहेत. शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी आहे. मार्च २०२५ मध्येच त्याच्या १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून संख्या २७४ झाली. त्यांतल्या टायटनवर १४ जानेवारी २००५ रोजी हायगन्स हे यान उतरले. इतक्या लांबच्या जमिनीवर माणसाचे दुसरे कुठलेही यान उतरलेले नाही.

शनीचे नाव घेतले की घरातली माणसे गप्प होतात, म्हणून साडेसातीचे गणित इथेच मांडतो. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. आकाशातल्या राशी बारा. साडेएकोणतीसला बाराने भागले की एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपल्या राशीच्या आधीची एक रास, आपली आणि नंतरची एक, अशा तीन राशी धरल्या की साडेसात वर्षे. साडेसातीचा आकडा एवढ्यावरून आलेला आहे. शनी लांब आहे, म्हणून त्याची वाट मोठी आणि चाल सावकाश. म्हणून अडीच वर्षे. तीन राशी धरल्यामुळे कोणत्याही वेळी एक चतुर्थांश माणसे साडेसातीत असतातच. ज्याची नोकरी गेली, ज्याचे लूम बंद पडले, ज्याच्या घरी आजारपण आले, अशा माणसाला तुझ्या हातात काही नाही असे सांगणे क्रूर आहे. शनी डोळ्यांनी पाहावा, जमले तर दुर्बिणीतून कडी पाहावी. ज्याने ती एकदा पाहिली त्याला शनीचे भय वाटणे कठीण आहे.

नवापूर स्टेशन अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. आपल्या मांडणीत इथे दुसरीही एक हद्द आहे. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारे आणि हजारो वर्षे माणसाला ठाऊक असलेले पाचही ग्रह गुजरातेत संपले. महाराष्ट्रात शिरल्यावर जे दोन येतात, ते दुर्बिणीने आणि गणिताने दिले.

आणि ते लगेच येत नाहीत. नवापूर जाते, नंदुरबारला गाडी रिकामी होऊन पुन्हा भरते, तरी काही नाही. १९२ किलोमीटरवर, दोंडाईचाच्या आसपास, युरेनस. पंचांगात त्याला हर्षल म्हणतात, कारण १३ मार्च १७८१ ला तो विल्यम हर्शेलला सापडला. साडेतीन मीटरचा, निळसर. त्याचा आस ९८ अंशांनी कलंडलेला आहे, तो जणू आडवा पडूनच ८४ वर्षांची फेरी मारतो; त्यामुळे त्याच्या ध्रुवांवर ४२ वर्षे दिवस आणि ४२ वर्षे रात्र. त्याभोवतीही कडी आहेत. १० मार्च १९७७ रोजी तो एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा ती सापडली, आणि त्या दिवशीची निरीक्षणे तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही घेतली गेली होती. युरेनस आणि नेपच्यून यांच्याजवळून आजवर एकच यान गेले आहे, व्हॉयेजर २: एकाजवळून जानेवारी १९८६ मध्ये, दुसऱ्याजवळून ऑगस्ट १९८९ मध्ये. दोंडाईचा ते जळगाव हा टप्पा ओलांडायला त्याला साडेतीन वर्षे लागली.

अमळनेर, धरणगाव, पाळधी मागे टाकून ३०१ किलोमीटरवर नेपच्यून. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता, तेव्हा त्याला कुणीतरी ओढत असले पाहिजे असे धरून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाल याने दुर्बीण तिकडे वळवली, आणि ग्रह सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. सापडल्यापासून सूर्याची पहिली फेरी त्याने २०११ मध्ये पुरी केली. तिथे सूर्यप्रकाश आपल्यापेक्षा नऊशे पटीने मंद, तापमान उणे २०० अंश, आणि तरीही ताशी दोन हजार किलोमीटरांचे वारे.

नेपच्यूनच्या पलीकडे कुणी आहे का, या प्रश्नावर जगभर गणिते झाली. त्यांतले एक आपल्या व्यंकटेश बापूजी केतकरांचे. व्यवसायाने शिक्षक असलेल्या केतकरांचा ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ पंचांगाचे गणित शुद्ध करू पाहणाऱ्यांना मोठा आधार होता. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. गुरूच्या आतल्या तीन चंद्रांच्या फेऱ्या जशा एकमेकींत बांधलेल्या आहेत, तशाच बाहेरच्या ग्रहांच्याही असतील असे धरून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह सांगितले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट काढले, फेरी २४२.२८ वर्षांची.

१८ फेब्रुवारी १९३० ला अमेरिकेत क्लाइड टॉमबॉला प्लूटो सापडला. अंतर ३९.४८ पट, फेरी २४८ वर्षांची. आपल्या मांडणीत प्लूटो जळगाव-भुसावळ ओलांडून मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान येतो, उधन्यापासून ३९५ किलोमीटरवर. केतकरांचा ब्रह्मा ३८९.५ किलोमीटरवर. पाच-साडेपाच किलोमीटरांचा फरक.

यावरून केतकरांनी प्लूटो शोधला असे म्हणणे बरोबर नाही. नेपच्यून आणि प्लूटो यांच्या फेऱ्यांचे खरे प्रमाण दोनास तीन निघाले; केतकरांच्या ब्रह्माची फेरी त्यात नेमकी बसत नाही. विष्णू त्यांनी ५९.५७ पट अंतरावर सांगितला होता. तिथे कोणताही ग्रह मिळालेला नाही. पण बाहेरचे जग परस्परांशी फेऱ्यांच्या साध्या प्रमाणांत बांधलेले असू शकते, ही त्यांची मूळ कल्पना प्लूटोच्या बाबतीत खरी ठरली, आणि मोठी वेधशाळा हाताशी नसताना एका शिक्षकाने ती मांडली. मराठी शाळांच्या पाठ्यपुस्तकात केतकरांना एक धडा मिळाला पाहिजे.

२४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रह ठरवले, कारण त्याच्या परिसरात त्याच्यासारखे आणखी पुष्कळ निघाले. तेव्हापासून ग्रह आठ. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ आता सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १७० पट लांब आहे. आपल्या लाईनवर ते दिवसाला शंभर मीटर सरकत १,७०० किलोमीटर गेले आहे, नागपूरच्या बरेच पुढे, हावड्याच्या वाटेवर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, या मापानेही कुठल्याच लाईनवर मावत नाही: उधन्यापासून त्याचे अंतर सुमारे २७ लाख किलोमीटर येते, आकाशातला खरा चंद्र आपल्यापासून जितका लांब आहे त्याच्या सातपट.